तारेखालचे बोट

घरात नवी सतार आली की पहिले पंधरा दिवस कौतुकाचे असतात. मऊ पंचाने तिला पुसले जाते, खोलीच्या एका कोपऱ्यात जाड सतरंजी घालून तिची जागा ठरते आणि आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीला ‘सारेगम’ वाजवून दाखवण्याचा आग्रह होतो. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी हीच मुलगी वरणाची गरम वाटी डाव्या हाताने सरकवताना एकदम हात मागे घेते. आजी तो हात ओढून पाहते. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या टोकांवर लाल, खोल रेषा उमटलेल्या असतात. एका रेषेच्या कडेला पाण्याने भरलेला इवलासा फोडही असतो. ‘एवढं लागत असेल तर राहू दे गं काही दिवस,’ असे आजी मायेने म्हणते आणि आईलाही ते पटते. पुढच्या महिन्यात शाळेची परीक्षा येते. सतारीवर गवसणी चढते ती चढतेच.

तार छेडून वाजवायच्या वाद्यांचे शिक्षण ज्या ठिकाणी अडते, त्यांतले हे एक मोठे ठिकाण आहे. ‘तिला आवडच नव्हती’ किंवा ‘त्याला तालाची जाण नाही’ अशी कारणे पुढे सांगितली जातात. पण पुष्कळदा खरे कारण बोटाच्या टोकावरच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या कातडीत असते. त्या कातडीला नेमके काय होत आहे आणि ते किती दिवस चालणार आहे, हे त्या वेळी घरात कोणालाच ठाऊक नसते. ते ठाऊक असते, तर गवसणी चढवण्याची घाई झाली नसती.

सतारीची मुख्य तार, म्हणजे बाजाची तार, पोलादी असते आणि तिची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर असते. ती चांगलीच ताणलेली असते आणि स्वर स्वच्छ उमटण्यासाठी तिला धातूच्या पडद्यावर घट्ट दाबावे लागते. बोट लावत असलेला जोर फार मोठा नसतो. परंतु तो सारा जोर तारेएवढ्याच बारीक रेषेवर एकवटतो. विळीची धार भाजी कापते आणि विळीचा पाट कापत नाही, यामागचे कारणही हेच. गिटारच्या पोलादी तारांची गोष्ट वेगळी नाही. तिथे तर एका वेळी तीन-चार बोटे दाबून धरावी लागतात.

या माऱ्याला शरीर उत्तर देते, पण सावकाश देते. आपल्या अंगावरची कातडी सगळीकडे सारखी नसते. पापणीवर तिचा बाह्य थर जेमतेम ०.०५ मिलिमीटरचा असतो, तर तळहात आणि तळपाय यांवर तो सुमारे १.५ मिलिमीटरपर्यंत जाड असतो. या थराच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात, हळूहळू वर ढकलल्या जातात, वाटेत चपट्या व कठीण होतात आणि शेवटी पृष्ठभागावर निर्जीव कवचासारख्या बसतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. एखाद्या जागेवर रोज दाब आणि घर्षण होऊ लागले की तळाशी पेशींची निपज वाढते, वरच्या निर्जीव पेशीही अधिक काळ टिकून राहतात, आणि तिथे घट्टा तयार होतो. शेतकऱ्याच्या तळहातावर, हमालाच्या खांद्यावर, शिंप्याच्या कात्री धरणाऱ्या अंगठ्यावर हेच घडते.

व्यापारी घरांना हा हिशेब समजणे अवघड नाही. माल आज मागवला तरी दुकानात पोहोचायला महिना लागतो. तोवर असलेल्या साठ्यावरच भागवावे लागते. आज केलेल्या रियाजाची कातडी चार आठवड्यांनी हाती येते. म्हणून पहिल्या महिन्यात बोट दुखणे हे काही बिघडल्याचे लक्षण नसते. मागणी नोंदवली गेली आहे एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या महिन्यात दुखणे ओसरू लागते आणि तिसऱ्यात बहुतेकांना त्याची आठवणही राहत नाही. पण पुष्कळशा सतारी तिसऱ्या महिन्याआधीच कपाटावर गेलेल्या असतात.

फोड मात्र निराळा. घट्टा आणि फोड दोन्ही घर्षणानेच होत असले, तरी घट्टा ही कमाई आहे आणि फोड हे नुकसान. कातडीचे वरचे थर एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढले गेले, आणि ते ओढणे तिच्या सोसण्यापलीकडे गेले, की थर एकमेकांपासून सुटतात व मधल्या पोकळीत पाणी भरते. आठवडाभर वाद्याला हात न लावता रविवारी सकाळी सलग दोन तास बसणाऱ्याच्या बोटाला हमखास फोड येतो. मग चार दिवस विश्रांती, तोवर नवी कातडी सोलून गेलेली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘प्रवेशिके’च्या परीक्षेआधी पंधरा दिवस जोर करणाऱ्या मुलांचेही असेच होते. याउलट रोज सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे वाजवणारी मुलगी महिन्याभरात बोट कमावते. कातडीला एकूण किती तास वाजवले यापेक्षा किती दिवस वाजवले, हे अधिक कळते.

दुखणे बोटात की घोडीत?

सांगली-कोल्हापूर-बेळगाव या पट्ट्यातील कुटुंबांना सतारीसाठी फार दूर जावे लागत नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तिचा पाया घातला आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा तिला आश्रय मिळाला. तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा धातू आणि लाकूड जाणणारे तेच हात सतार व तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे आजही या वाद्यांच्या पोटी बसतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा सारा इतिहास अभिमानाचा खराच; पण बोट दुखणाऱ्या मुलीच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. वाद्य घडवणारा कारागीर ते दुरुस्तही करून देतो.

कारण दुखण्याचे मूळ अनेकदा बोटात नसतेच. तार पडद्यांपासून प्रमाणाबाहेर उंच असेल, तर ती दाबायला दुप्पट जोर लागतो. घोडीची उंची चुकलेली असते, पडदे झिजलेले किंवा सरकलेले असतात, पावसाळ्यातील दमटपणाने दांडीला किंचित बाक आलेला असतो, किंवा आधीच्या मालकाने जाड तार चढवून ठेवलेली असते. जुनी सतार स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, ती तशीच मुलीच्या हाती दिली आणि मग तिच्या नाजूक बोटांना दोष दिला, असे पुष्कळ घरांत घडते. याची परीक्षा सोपी आहे. शिक्षकांना घरची सतार दोन मिनिटे वाजवायला द्यावी. त्यांची कमावलेली बोटेही कुरकुरली, तर मुलीला दोष न देता वाद्य कारागिराकडे न्यावे. काही रुपयांत आणि एका दुपारीत होणारे हे काम महिनोन्‌महिन्यांचा त्रास वाचवते.

गिटारच्या बाबतीत ही निवड दुकानातच करावी लागते. दिसायला सारख्या वाटणाऱ्या गिटारींमध्ये एका जातीला पोलादी तारा असतात, तर दुसरीला, म्हणजे शास्त्रीय गिटारला, नायलॉनच्या. पूर्वी या दुसऱ्या जातीच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनत. १९४० च्या दशकात त्यांची जागा नायलॉनने घेतली. नायलॉनची तार जाड, मऊ आणि कमी ताणाची असल्याने लहान मुलांच्या बोटांना ती सोसते. दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला चकचकीत पोलादी तारांची गिटार देणे म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी त्याला थेट नदीच्या धारेत सोडण्यासारखे आहे. काही मुले तरतात, हे खरे.

मींड आणि तेलाची डबी

नुसते दाबणे सोसले, तरी सतारीचा खरा कस पुढे असतो. मींड घेताना तार पडद्यावरच आडवी ओढली जाते आणि एकाच पडद्यावरून पुढचे दोन, तीन, कधी चार-पाच स्वरही काढले जातात. सतारीला गळ्यासारखे गायला लावणाऱ्या उस्ताद विलायत खाँ यांच्या शैलीचा तर मींड हा प्राण. ऐकणाऱ्याला ती रेशमासारखी वाटते. पण ती घेताना ताणलेली पोलादी तार बोटाच्या मांसल भागात रुतून सरकत असते. नवशिक्याची कातडी सोलते ती बहुधा इथेच. म्हणून समजूतदार शिक्षक पहिले काही महिने अलंकार आणि पलटेच घोटून घेतात व मींडेला हात लावू देत नाहीत. घरच्यांना वाटते, शिकवणी पुढे सरकत नाही. प्रत्यक्षात शिक्षक कातडी तयार होण्याची वाट पाहत असतात.

सतारवादकांच्या बैठकीत वाद्याशेजारी एक छोटी डबी दिसते. तिच्यात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा असतो. वादक अधूनमधून त्याला बोटाची टोके टेकवतो आणि वाजवणे सुरू ठेवतो. उत्तरेत मोहरीचे तेल वापरण्याची चाल आहे. आपल्याकडे खोबरेल अधिक. पाहणाऱ्यांना ती एक सवय वाटते, पण तिच्यामागे शरीराची एक मोठी गंमत दडलेली आहे. अंगावर जिथे जिथे केस असतात, तिथे त्यांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात आणि त्या कातडीला आपोआप स्निग्ध ठेवतात. तळहात आणि बोटांची आतली बाजू यांवर केस नाहीत आणि तेलाच्या या ग्रंथीही नाहीत. घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर. म्हणजे ज्या जागेला वंगण सर्वांत जास्त हवे, तिथे शरीर ते स्वतः देत नाही. ते डबीतून घ्यावे लागते.

या तेलाचे प्रमाण फार महत्त्वाचे. बोळा ओला हवा, निथळता नको. तेलाचा नुसता हात फिरल्यासारखा थर पुरतो. जास्त झाले तर बोट पडद्यावरून निसटते, तारेवर चिकट मळ साचतो आणि स्वर बसका होतो. रियाज संपला की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसाव्यात. घामातल्या क्षारांमुळे पोलादावर गंज चढतो, विशेषतः पावसाळ्यात, आणि गंजलेली तार बोटाला कानशीसारखी घासते. हिवाळ्यात खोबरेल थिजते, कारण साधारण २४ अंशांखाली ते घट्टच असते. अशा वेळी डबी दोन मिनिटे तळहातात धरली की काम भागते. मोहरीच्या तेलाने काहींच्या कातडीला खाज सुटते. त्यांनी त्याचा हट्ट धरू नये.

बाजारातील तयार मलमे घेताना अनेक जैन घरांत डबीवरील बारीक अक्षरे वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. फुटलेल्या हातांसाठीच्या पुष्कळ मलमांत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेला स्निग्ध पदार्थ, किंवा मधमाश्यांचे मेण असते. ज्यांना ते नको असेल, त्यांचे काही अडत नाही. खोबरेल, तिळाचे तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली यांनी बोटाची सारी गरज भागते. मात्र हे तेल-मलम चोळायचे ते रात्री झोपताना. रियाजाच्या तोंडावर चोळून मऊ केलेली कातडी तारेखाली लवकर चिरते.

महिने लोटतात, तेव्हा बोटाच्या टोकावर एक काळपट रेघ दिसू लागते. तार, पडदा, तेल आणि घाम यांच्या मिश्रणाची ती निशाणी. साबणाने ती सहज जात नाही. काही आया तिला मळ समजून मुलीला दगडाने बोट घासायला लावतात आणि दोन महिन्यांची कमाई एका आंघोळीत वाया घालवतात.

पाणी, पाते आणि इतर शत्रू

कमावलेल्या बोटाचा पहिला शत्रू पाणी. ओली कातडी फुगते, मऊ होते आणि तिची पकड व ताकद दोन्ही घटतात. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर लगेच सतार घेऊन बसले, तर एरवी न दुखणारे बोटही चिरते. मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. संध्याकाळची जेवणे दिवेलागणीपूर्वी उरकणाऱ्या घरांना हे सोपे जाते. आवराआवर होऊन हात कोरडे होईपर्यंत रियाजाची वेळ आपसूक येते. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर कातडीतील उरलीसुरली स्निग्धता काढून घेतात, म्हणून वाजवणाऱ्या बाईने भांडी घासताना रबरी हातमोजे घातले, तर त्याला नखरा समजू नये. दुकानात बसणाऱ्यांचे दुखणे वेगळे. दिवसभर नोटा मोजणे, त्यासाठी ओल्या स्पंजला बोट लावणे, कोरा कापड-कागद हाताळणे यांनी बोटांची टोके आलटून पालटून भिजतात आणि कोरडी पडतात. भेगा पडतात त्या यामुळे. गल्ल्यावरचा स्पंज उजव्या हाताच्या बोटांपुरताच ठेवावा. तार दाबणारा हात डावा असतो.

दुसरा शत्रू धीर सुटणे. घट्टा लवकर व्हावा म्हणून कोणी बोटे स्पिरिटमध्ये बुडवतात, कोणी मिठाच्या पाण्यात, तर कोणी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ शेकतात. यांनी कातडी जाड होत नाही, कोरडी होते. आणि कोरडी कातडी वाळलेल्या चिखलासारखी तडकते. अमेरिकेतील विख्यात गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन फाटलेल्या बोटांवर सुपरग्लू लावून कार्यक्रम पार पाडत असे. हजारो श्रोत्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाची ती निकड होती. प्रारंभिक परीक्षेच्या उमेदवाराने ते उदाहरण घेण्याचे कारण नाही.

तिसरा शत्रू हाताशीच असतो, तो म्हणजे दुसरा हात. घट्ट्याची कड सुटली की ती ओढून काढण्याचा मोह अनावर असतो. ओढलेली कड मागच्या जिवंत कातडीसकट निघते. ब्लेड, नखकापणी किंवा कात्री तर मुळीच लावू नये. नखे घासायच्या पट्टीने सुटलेली कड तेवढी हलकेच, आंघोळीनंतर नव्हे तर कोरड्या बोटावर, घासून सपाट करावी. चांगल्या वादकाचा घट्टा टेंगळासारखा वर आलेला नसतो. तो पातळ, गुळगुळीत आणि चिवट असतो. फार जाड झालेला घट्टा तारेत अडकतो आणि आतून तडकतो.

फोड आलाच तर तो फोडू नये. वरची कातडी हे त्याचे सर्वांत उत्तम झाकण असते. आपोआप फुटला, तर साबण-पाण्याने धुवावा, पेट्रोलियम जेली लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि ते बोट दोन-चार दिवस तारेपासून दूर ठेवावे. या काळात रियाज थांबवण्याचे मात्र कारण नाही. डावा हात मांडीवर ठेवून मोकळ्या तारेवर उजव्या हाताने ‘दा’, ‘रा’ आणि ‘दिर’ या बोलांची लय घोटता येते. नवशिक्यांचा उजवा हात बहुधा कच्चाच राहिलेला असतो. त्या हाताच्या तर्जनीवरची नखी, म्हणजे तारेचे ते त्रिकोणी टोक, घट्ट बसत असेल तर बोटाच्या दोन्ही बाजूंना वळ उठतात आणि टोक बधिर होते. ती पक्कडीने किंचित सैल करून घ्यावी.

जाड कातडीखालची जाण

बोटे कठीण झाली तर मुलीच्या हातांची नाजुकता जाईल, स्पर्श बोथट होईल, अशी एक काळजी घरांतून व्यक्त होते. लग्नाच्या वयाच्या मुलींबाबत ती कधी मोठ्याने बोलली जाते, कधी नुसती नजरेतून कळते. मेंदूच्या अभ्यासाने याविषयी वेगळेच सांगितले आहे. १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली होती. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श नोंदवणारा मेंदूतील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि लहानपणी वादन सुरू केलेल्यांमध्ये हा फरक अधिक होता. कवच वर चढते तेव्हा आत जाण वाढत असते.

ती जाण गेली तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या तरुणाच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्राखाली तुटली. तो डावखुरा गिटारवादक होता, त्यामुळे तारा दाबणारा हात नेमका उजवाच. निराश झालेल्या या मुलाला कारखान्यातील वरिष्ठाने जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही राइनहार्टने उरलेल्या बोटांवर नवी शैली उभी केली होती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, त्यांवर चामड्याचा तुकडा चिकटवला, हलक्या तारा चढवल्या आणि वाजवू लागला. पुढे ‘ब्लॅक सबाथ’ या वाद्यवृंदाचा तो कणा झाला. पण टोपीतून तार जाणवत नाही. ती किती दाबली आहे, हे त्याला कानानेच ओळखायला शिकावे लागले. ज्या बोटाला तार अजून दुखवते, त्या बोटाला ती जाणवतही असते.

प्रत्येक वाद्याला घट्टा लागतोच असे नाही. तंबोरा बोटांच्या मऊ भागाने, तारेवरून हात फिरवल्यासारखा छेडला जातो. तिथे खरखरीत कातडी उलट आवाजात खरखर आणते. सरोदवादक डाव्या हाताच्या नखांच्या कडेने तार दाबतात. उस्ताद अमजद अली खाँ यांच्या वादनातील स्वच्छ, लांबलेला नाद नखांच्या या वापरातूनच येतो. त्यामुळे सरोदियाची निगा कातडीपेक्षा नखांभोवती असते: झिजलेली कड घासणे, ती फुटू न देणे. सतारवादकाने मात्र डाव्या हाताची नखे मुळापर्यंत कापलेली ठेवायची. लग्नसराईत वाढवलेली, रंगवलेली नखे आणि सतार यांचे जमत नाही. तेवढे पंधरा दिवस कोणत्या तरी एकाला रजा द्यावी लागते.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपाय थांबवावेत. बोट लाल होऊन ठणकू लागले, सूज आली किंवा नखाच्या कडेला पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बोटाच्या बंद जागेतील पू फार वेळ थांबत नाही. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते, त्यांना निकेलचे वावडे असण्याची शक्यता असते. गिटारच्या अनेक तारांवर आणि काही वाद्यांच्या पडद्यांच्या धातूत निकेल असते. अशांची बोटे लाल होऊन खाजत असतील, तर तो घट्टा नव्हे. चामखीळ आणि घट्टा यांतही गल्लत होते. घट्ट्यावरून बोटाच्या ठशाच्या रेषा अखंड जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि आत काळे ठिपके दिसतात. चामखीळ विषाणूने होते आणि पात्याने कापली की पसरते. पायाच्या कुरूपावर लावायची औषधी पट्टीही वाजवत्या बोटाला लावू नये. ती आम्लाने कातडी विरघळवते आणि चांगले-वाईट ओळखत नाही.

साठीनंतर दुकान मुलांच्या हाती सोपवून वाद्य शिकू पाहणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्यात मधुमेह असणारेही पुष्कळ. मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि जखम भरायला वेळ लागतो. दुखत नाही म्हणून वाजवत राहण्यात त्यांना धोका आहे. अशांनी रियाजानंतर चष्मा लावून, उजेडात बोटे तपासावीत. दुखण्यावर भरवसा ठेवू नये.

आणि एक वर्ग आहे, ज्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. लग्नापूर्वी सात-आठ वर्षे सतार शिकलेली, परीक्षा दिलेली मुलगी सासरी येते. संसार, दुकान, मुले यांत दहा-बारा वर्षे जातात. मुले मोठी झाल्यावर एका दुपारी ती माहेरहून आणलेली सतार काढते. गत आठवते, बोटे आपापल्या पडद्यांवर बरोबर जातात, आणि दहा मिनिटांत कातडी सोलते. हात गेला, असे तिला वाटते. हात गेलेला नसतो. घट्टा काही आठवड्यांच्या खंडानेही झडून जातो, आणि बारा वर्षांपूर्वीच्या घट्ट्याची एक पेशीही उरलेली नसते. बोटांचे वळण मात्र राहिलेले असते. नवशिक्यापेक्षा तिची अडचण मोठी आहे, कारण वळण तिला मींडेकडे ओढते आणि कातडी अजून ‘सारेगम’चीच असते. तिने कारागिराकडून तारा बदलून घ्याव्यात. जुन्या तारा गंजलेल्याच असतात. पहिले चार आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटेच बसावे, पलटे वाजवावेत, मींड येऊ लागली की हात थांबवावा. पाचव्या आठवड्यात तेलाची डबी शेजारी ठेवून एका स्वराची मींड घेऊन पाहावी.